साभार परत : पंचकार्डांची चळत आणि दूरचे यंत्र

कसालच्या तिठ्यावर मुंबई–गोवा महामार्गाला मालवणचा रस्ता फुटतो. ह्या तिठ्यावर उभे राहून मी माझ्या शोधनिबंधाची प्रकरणे मुंबईला पाठवली आहेत. टपालाला उशीर होई, म्हणून रात्रीच्या आरामगाडीच्या चालकाच्या हाती पाकीट द्यायचे आणि सकाळी मुंबईतल्या मित्राने ते उतरवून मार्गदर्शकांच्या घरी पोहोचवायचे, अशी ती व्यवस्था होती. पाकीट एका रात्रीत जाई. ते परत यायला मात्र पंधरा-वीस दिवस लागत, आणि परत आलेल्या पानाच्या समासात कधीकधी एवढेच लिहिलेले असे : ‘संदर्भ तपासा.’ त्या दोन शब्दांसाठी तीन आठवडे गेलेले असत. मुंबईत राहणारा माझा सहाध्यायी तीच सूचना संध्याकाळी ऐकून दुसऱ्या दिवशी सुधारलेले पान घेऊन हजर होई. आमच्यातला फरक बुद्धीचा असेलही. पण त्या तीन आठवड्यांत तो दहा वेळा चुकू शकत होता आणि मी एकदाच, हा फरक त्याहून ठळक होता.

पुढे संगणकाच्या आरंभकाळाविषयी वाचताना हीच गोष्ट निराळ्या वेषात पुन्हा भेटली. दूरच्या मोठ्या संगणकाकडे काम पाठवण्यासाठी जी साधने निघाली, त्यांचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो जरा वेगळ्या बाजूने पाहायचा आहे : दूर असलेल्या माणसाला किती वेळा चुकता येते, ह्या प्रश्नाच्या बाजूने.

आधी ‘काम’ म्हणजे काय ते पाहू. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. रा. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखालील तरुण मंडळींनी तो घडवला होता. त्याच संस्थेत १९६४ साली अमेरिकेतील कंट्रोल डेटा कंपनीचा ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला. त्याची स्मृती ३२,७६८ शब्दांची होती, आणि एकेक शब्द ४८ बिटांचा. आजच्या हिशेबाने हे सारे दोनशे किलोबाइटच्याही आत बसते. भ्रमणध्वनीवरचे एखादे छायाचित्र ह्याच्या कितीतरी पट जागा खाते. तरीही त्या काळी विद्यापीठे आणि संशोधन संस्था ज्या यंत्राकडे डोळे लावून बसत, असे ते यंत्र होते.

ह्या यंत्रासमोर कोणी खुर्ची टाकून बसत नसे. कार्यक्रम आधी हाताने कागदावर लिहायचा, मग तो पंचयंत्रावर कार्डांवर उतरवायचा. एका कार्डावर ८० स्तंभ असत, म्हणजे जास्तीत जास्त ८० अक्षरे. कार्यक्रमाची एक ओळ म्हणजे एक कार्ड. फोरट्रान भाषेत पहिले पाच स्तंभ ओळीच्या क्रमांकाला राखलेले, सहावा आधीची ओळ पुढे चालू असल्याची खूण करायला, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत प्रत्यक्ष विधान आणि उरलेल्या आठ स्तंभांत कार्डांचा अनुक्रम. विधान चुकून सहाव्याच स्तंभात सुरू झाले, तर यंत्र ते आधीच्या ओळीचे शेपूट समजे. अनुक्रम न टाकलेली चळत हातातून निसटली तर सारा कार्यक्रम विस्कटे; म्हणून जाणती माणसे चळतीच्या कडेवर तिरकी रेघ ओढून ठेवत. रेघ सरळ लागली की कार्डे जागच्या जागी आली असे समजायचे. पोथीची सुटी पाने सांभाळणाऱ्यांना ही धास्ती नवी नाही.

चळतीच्या आरंभी कामाचे कार्ड असे : कोणाचे काम, कोणत्या खात्यावर, किती वेळ द्यायचा. अशी अनेकांची कामे एकत्र करून चालक ती यंत्राला घाली. ह्यालाच ‘बॅच’ म्हणत. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी खिडकीवर कार्डांची चळत आणि तिच्याभोवती गुंडाळलेला छापील कागद मिळे. कागदावर उत्तर असे. नाहीतर एक स्वल्पविराम राहिल्याची नोंद असे. म्हणजे ‘साभार परत’!

मराठी वाचकाला ही खिडकी ओळखीची वाटेल. कुडाळात खानावळ चालवणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांची कविता मुंबईच्या ‘सत्यकथे’त पोहोचली ती ‘आरती प्रभू’ ह्या नावाने. १९५९ साली ते मुंबईला गेले, त्याच वर्षी ‘जोगवा’ हा त्यांचा पहिला संग्रह आला. कोकणातून मुंबईच्या संपादकाकडे जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची गत कार्डांच्या चळतीसारखीच असे : सगळे एकदाच लिहायचे, एकदाच पाठवायचे आणि मग वाट पाहायची. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौजे’च्या कार्यालयात ज्याला जाता येई, त्याला श्री. पु. भागवतांशी आपल्या एका ओळीबद्दल बोलता येई. ज्याला जाता येत नसे, त्याला पत्राची वाट पाहावी लागे. ‘सत्यकथे’च्या संपादकांची सविस्तर पत्रे आज वाङ्मयेतिहासाचा भाग झाली आहेत, ह्याचे एक कारण हे अंतरही आहे. जवळच्यांशी झालेली चर्चा हवेत विरली. दूरच्यांना लिहावे लागले म्हणून कागद उरला.

असो. यंत्राकडे वळू.

यंत्र एका गावी आणि प्रश्न विचारणारा दुसऱ्या गावी, ही कल्पना मेनफ्रेम संगणकांहूनही जुनी आहे. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत हॅनोव्हर येथील डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांची परिषद भरली होती. बेल प्रयोगशाळेचे जॉर्ज स्टिबिट्झ ह्यांनी तेथे एक टेलिटाइप यंत्र मांडले. टेलिटाइप म्हणजे तारेवरून अक्षरे पाठवणारे आणि आलेली अक्षरे छापणारे टंकयंत्र. ते न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या गणकयंत्राला तारेने जोडलेले होते. श्रोत्यांपैकी कोणीही संमिश्र संख्यांचे उदाहरण टंकायचे आणि उत्तर त्याच यंत्रावर छापून यायचे. श्रोत्यांत नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉकली होते. नवे काहीच शोधावे लागले नव्हते. तारखात्याचे नेहमीचे साधन गणिताच्या दाराशी आणून ठेवले होते, एवढेच. त्याच डार्टमथमध्ये १ मे १९६४ रोजी पहाटे जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ ह्यांच्या योजनेतला संगणक एकाच वेळी अनेक टेलिटाइपवरच्या विद्यार्थ्यांना उत्तरे देऊ लागला. ‘बेसिक’ ही भाषा त्याच प्रयोगातून आली.

पण मोठ्या कामांना टेलिटाइप पुरणारे नव्हते. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे हा त्याचा वेग. म्हणून दुसरी वाट निघाली : कार्ड वाचणारे यंत्र आणि ओळी छापणारे यंत्र ह्यांची जोडी दूरच्या गावी ठेवायची आणि टेलिफोनच्या तारेने ती मेनफ्रेमला जोडायची. आयबीएमचे १९६७ सालचे ‘२७८०’ हे टर्मिनल ह्याचा ठळक नमुना. स्वतः विचार करणे त्याला ठाऊक नव्हते. कार्डे वाचून तिकडे पाठवणे आणि तिकडून आलेले छापणे किंवा कार्डांवर उतरवणे, एवढेच त्याचे काम.

मात्र पाठवण्याची रीत मोठी काटेकोर होती. मजकूर ठोकळ्या-ठोकळ्याने जाई. प्रत्येक ठोकळ्याच्या शेपटाला हिशेबाची काही अक्षरे जोडलेली असत. पलीकडचे यंत्र तोच हिशेब पुन्हा करी. जुळला तर ‘पोच’ देई, न जुळला तर नकार देई आणि तोच ठोकळा पुन्हा मागवी. पोचही दोन प्रकारची असे व आळीपाळीने दिली जाई. लागोपाठ एकाच प्रकारची पोच आली, की मधला एक ठोकळा वाटेत हरवला हे कळे. पोचपावतीच्या गुलाबी कार्डाची वाट पाहिलेल्या आमच्या पिढीला ह्या व्यवस्थेतले शहाणपण समजावून सांगावे लागत नाही. पाठवणे सोपे असते. पोचले की नाही हे कळणे कठीण, आणि कोठे अडले हे कळणे त्याहून कठीण.

आपल्याकडे ही टर्मिनले तेव्हा का रुजली नाहीत? मोठे यंत्र आणणे हाच परकीय चलनाचा मोठा प्रश्न होता. टेलिफोनची अवस्था त्याहून बिकट होती. थेट दूरध्वनी सेवा देशात १९६० साली कानपूर–लखनौ मार्गावर सुरू झाली. उरलेल्या बहुतेक देशात ट्रंककॉल नोंदवून तासन्‌तास बसावे लागे. माणसाचा आवाज जेथे ओरडून पोहोचवावा लागे, तेथे त्या तारेवर ठोकळ्यांचा हिशेब कोठून जुळणार? तेव्हा मुंबईबाहेरच्या संशोधकाचे काम कार्डांच्या रूपात टपालाने, आगगाडीने किंवा स्वतःच्या खांद्यावरून कुलाब्याला जाई. पुण्यातल्या हवामानशास्त्रज्ञांनी गणिती अंदाजाचे आरंभीचे प्रयोग केले, तेव्हा त्यांना आधार होता तो ह्याच सीडीसी ३६००चा. आमच्याकडे दर जूनमध्ये ज्या पावसाची वाट पाहिली जाते, त्याच्या गणिताचाही प्रवास कार्डांच्या पेटीतून झाला आहे.

ह्या प्रवासाचा एक छोटा हिशेब मी मांडून पाहिला. कार्डांच्या एका पेटीत दोन हजार कार्डे मावतात. म्हणजे जास्तीत जास्त १,६०,००० अक्षरे. सेकंदाला दहा अक्षरे पाठवणाऱ्या टेलिटाइपला ती पाठवायला साधारण साडेचार तास लागतील. पुणे–मुंबई अंतर १९२ किलोमीटर. वेगवान गाडी ते साडेतीन तासांच्या आसपास कापते. म्हणजे मांडीवर पेटी घेऊन गाडीत बसलेला माणूस टेलिटाइपच्या तारेला हरवतो! दोन पेट्या असतील तर दुपटीने हरवतो. सेकंदाला २,४०० बिटांची तार मिळाली, तर मात्र तीच पेटी नऊ-दहा मिनिटांत जाईल.

पण खरी मेख पेटीत नाही. पेटी गेली, कामाची पाळी आली आणि कागदावर छापून आले : अमुक ओळीत स्वल्पविराम नाही. आता बदलायचे आहे एकच कार्ड, म्हणजे ८० अक्षरे. टेलिटाइपला त्यासाठी आठ सेकंद पुरतील. गाडीतल्या माणसाला मात्र पुन्हा तेच साडेतीन तास. मोठे ओझे वाहण्यात माणूस तारेच्या पुढे होता, दुरुस्ती वाहण्यात तो हजारो पटींनी मागे पडला. दूरच्या टर्मिनलाने ओझे हलके केले हे खरे. पण त्याची खरी देणगी म्हणजे त्याने चूक स्वस्त केली.

चूक महाग असते तेव्हा माणूस दोन गोष्टी शिकतो. एक म्हणजे काळजी. पंचकार्डांच्या काळातले जुने लोक सांगतात की, काम देण्याआधी आम्ही कागदावर यंत्र होऊन बघायचो. एकेक ओळ मनाशी चालवायचो. ही शिस्त खरी होती आणि तिच्याबद्दलचा अभिमानही रास्त आहे. दुसरी गोष्ट मात्र अभिमानाने सांगितली जात नाही : माणूस धाडस कमी करतो. फसण्याची शक्यता असलेला प्रयोग तो पाठवतच नाही. जे नक्की चालेल तेवढेच पेटीत भरतो. कुलाब्याच्या इमारतीत बसणारा माणूस एक आगाऊ कल्पना सकाळी लावून संध्याकाळी टाकून देऊ शकत होता. प्रवासखर्च मंजूर करून घेऊन आलेल्याला ती चैन परवडणारी नव्हती. परिघावरच्या माणसाचे काम पुष्कळदा सावध आणि बेताचे दिसते, ह्याची कारणे आपण त्याच्या स्वभावात शोधतो. ती वेळापत्रकातही शोधायला हवीत.

१९७०च्या दशकात टाटा संस्थेत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सॉफ्टवेअर आणि संगणनतंत्रांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि तेथे ‘डेकसिस्टिम-१०’ हे यंत्र आले. अनेकांनी एकाच वेळी टर्मिनलावर बसून वापरायचे असे ते यंत्र होते. चुकीचे उत्तर त्याच खुर्चीत, त्याच मिनिटाला मिळू लागले. दिल्लीत १९७६ साली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्थापन झाले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे उपग्रहावरचे जाळे जिल्ह्यांच्या मुख्यालयांपर्यंत पसरू लागले.

ह्या वाटेवर शंकाही होत्या आणि त्या पोकळ नव्हत्या. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाला कर्मचाऱ्यांनी प्रखर विरोध केला होता. स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ साली समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ साली आला. ज्या देशात हातांना काम नाही तेथे हातांचे काम यंत्राला का द्यावे, हा प्रश्न त्या काळात टाळता येण्याजोगा नव्हता.

भाषेचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. सीडीसी ३६००मध्ये एका अक्षराला सहा बिट मिळत, म्हणजे एकूण चौसष्ट चिन्हे. त्यांत रोमन मोठी लिपी, अंक आणि विरामचिन्हे बसली की जागा संपली. रोमनची लहान अक्षरेसुद्धा मावत नव्हती, मग जोडाक्षरे कोठून? ह्या यंत्राला मराठीत काही विचारताच येत नव्हते. त्याच संस्थेतले एक शास्त्रज्ञ, जयंत नारळीकर, १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही मराठी विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवत होते, तीही नारायण विनायक जगताप ह्या टोपण नावाने. आपल्या नावाच्या वजनाने निकाल लागू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून घेतली होती. खानोलकरांच्या टोपण नावापेक्षा हेतू निराळा होता. पण वाट तीच होती, टपालाची. मोठे यंत्र एकाच आवारात होते खरे, मराठी मजकुराला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता. देवनागरी दाखवणारी टर्मिनले येण्यासाठी मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित केलेल्या ‘जिस्ट’ तंत्राची वाट पाहावी लागली. भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतप्रणाली १९९१ साली ठरली.

आमच्या सिंधुदुर्गात हे टर्मिनल कोणत्या रूपाने आले? जिल्हाच मुळी १ मे १९८१चा. त्याआधी मोठ्या सरकारी कामाला रत्नागिरी गाठावी लागे. मुख्यालय कसालच्या शेजारी ओरोसला आले, तेव्हा अर्ज परत आल्यावर दुरुस्त करून पुन्हा देणे एका दिवसात शक्य झाले. जिल्हा विभाजनाचा हा लाभ कोठल्या अहवालात मोजला गेला असेल असे वाटत नाही. पण सामान्य माणसाने दूरचे यंत्र प्रत्यक्ष पाहिले ते रेल्वेच्या आरक्षणखिडकीत. संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८६ साली आणि मुंबईत १९८७ साली सुरू झाले. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. आणि १९९९ साली देशातली पाच आरक्षणकेंद्रे एकमेकांना जोडली गेली. खिडकीआड लिपिकासमोर टर्मिनल असे, आणि यंत्र शेकडो किलोमीटर दूर.

त्या खिडकीची रचना पुन्हा एकदा न्याहाळावी. आपण एका कागदावर चौकटी भरतो : गाडी क्रमांक, तारीख, वय, स्थानक. तो कागद म्हणजे आपले पंचकार्ड. लिपिक म्हणजे चालक. पडदा त्याच्याकडे तोंड करून असतो, आपल्याकडे पाठ करून. गणपतीच्या दिवसांतली गाडी असेल तर उत्तर एका शब्दात येते : ‘वेटिंग’. मग आपण घाईने विचारतो, आदल्या दिवशीची बघता का? दुसरी गाडी? मागची रांग कुरकुरते. लिपिक चांगला असेल तर आणखी दोनदा बोटे चालवतो, नसेल तर कागद सरकवून देतो. यंत्राला तिसरा प्रश्न विचारायला एक क्षणही पुरे असतो. विचारू द्यायचा की नाही हे मात्र खिडकी ठरवते. तार आली, अंतर मिटले, तरी चुकण्याच्या संधींचे वाटप माणसांच्याच हाती राहिले.

आज प्रत्येकाच्या खिशात टर्मिनल आहे. सातबाऱ्याचा उतारा पडद्यावर येतो, परीक्षेचा अर्ज घरून भरता येतो. माझे विद्यार्थी अर्ज भरतात आणि अखेरच्या पायरीवर पाटी येते : काहीतरी चुकले आहे, नंतर प्रयत्न करा. काय चुकले? कोणत्या ओळीत? सांगत नाही. १९६४ सालच्या यंत्राने दिवसभर ताटकळत ठेवले, पण कोणत्या कार्डात स्वल्पविराम नाही ते सांगितले. खटाववाडीच्या संपादकाने महिनाभर वाट पाहायला लावली, पण कथा कोठे ढिली पडते ते लिहिले. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली आणि पंचकार्डेही इतिहासजमा झाली. त्यांच्याबद्दल हळहळ वाटावी असे मला म्हणायचे नाही. त्या व्यवस्थेत पुष्कळांना दारच उघडले नाही. पण ‘साभार परत’ ह्या शब्दांना एक प्रतिष्ठा होती ती ह्यामुळे की, परत करणाऱ्यावर कारण सांगण्याची जबाबदारी आहे असे निदान काहींना तरी वाटत होते.

परवा वर्गात एका मुलीने निबंध परत मागितला. मी शेरा लिहिला होता : ‘पुन्हा लिहा.’ तिने शांतपणे विचारले, “सर, कुठून?” ती रोज मालवणच्या रस्त्याने दोन गाड्या बदलून येते. मी निबंध तिच्यासमोरच पुन्हा वाचायला घेतला.